पर्जन्यमापक कुठे रोवायचा, हे कोण ठरवणार?

गेल्या चार-पाच वर्षांत आपली शेती दोन ठिकाणी होऊ लागली आहे. एक शिवारात, जिथे आपण डोबणी करतो, डवरे हाकतो, पावसाची वाट पाहतो. दुसरी संगणकात. तिथे आपल्या नावापुढे एक ओळख क्रमांक आहे, क्रमांकापुढे गट नंबर, गट नंबरापुढे पीक आणि पिकापुढे फोटो. शिवारातल्या शेतीत काय पिकले याची चौकशी करायला आता फारसे कोणी येत नाही. संगणकातल्या शेतीत काय लिहिले आहे यावर अनुदान, विमा, अतिवृष्टीची मदत आणि हमीभावाने कापूस घालण्याचा दिवस ठरतो.

महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर कृषी योजनांचा लाभ नाही, असा नियम झाला. २०२५-२६ च्या हंगामात कापूस निगमाला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवा, सातबारा आणि पिकाची नोंद दाखवा, पडताळणी होऊ द्या, मग दिवस मागून घ्या, अशी रीत आली. या प्रत्येक गोष्टीबद्दल सभेत तक्रारी होतात. रेंज नाही, फोटो चढत नाही, नाव जुळत नाही. तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या करायलाच हव्यात. पण आम्हाला आज त्यांच्या मागची गोष्ट बोलायची आहे. ही सगळी बांधणी कोणाच्या सल्ल्याने चालली आहे?

रस्ता बांधताना तो कोणाच्या बांधावरून न्यायचा यावर गावात भांडण होते. कालवा काढताना डावा का उजवा यावर तर पिढ्यांचे वैर होते, कारण कालव्याने कोण भिजणार आणि कोण कोरडा राहणार हे सगळ्यांना दिसते. माहितीचा कालवा दिसत नाही, म्हणून त्याच्या आखणीवर कोणी भांडत नाही. आखणी मात्र होते. ती करणारे लोक असतात, त्यांना सल्ला देणारी समिती असते आणि त्या समितीच्या यादीत कोणाची नावे आहेत यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

कोरडवाहू शेतकऱ्याला सगळ्यात जवळचे उदाहरण पर्जन्यमापकाचे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, असा आपल्या राज्यातला मापदंड आहे. पाऊस मोजला जातो मंडळाच्या एका केंद्रावर. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ही चांगली गोष्ट झाली, याबद्दल वाद नाही.  पण एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि आपल्याकडचा पाऊस कसा पडतो हे काय कोणी सांगायला हवे? नाल्याच्या अलीकडे पऱ्हाटी पिवळी पडते आणि पलीकडे धुरळा उडतो. जून-जुलैचा वळवासारखा पाऊस तर एका गावाच्या दोन शिवारांतही सारखा नसतो. केंद्रावर ६१ मिलिमीटर नोंद झाली आणि तुमच्या शिवारात ९० पडला, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. बांध फुटला तो आपोआप फुटला असेल!

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा पहिल्याच वर्षी हवामानाच्या तासाला शिकवले होते की, मापकाच्या जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. वीस फूट उंच लिंब असेल तर चाळीस फूट दूर. नाहीतर वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस अडतो आणि मापकात कमी भरतो. आजच्या स्वयंचलित यंत्रात एक छोटी पळी असते. ती भरली की कलंडते आणि एक टिपका मोजला जातो. यंत्र उत्तम आहे. पण नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, मुंग्यांनी किंवा कोळ्याने घर केले, की पाऊस कोसळत असतो आणि आकडा पुढे सरकत नाही. दर पंधरवड्याला कोणी नरसाळे साफ केले का, याची वही कोणी पाहिली आहे? एका मंडळाच्या ठिकाणी आम्ही केंद्र पाहायला गेलो तर कुंपणाला गुराचे दावे बांधलेले होते आणि पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे जिकडून आपला पाऊस येतो तिकडे, दुमजली इमारत उभी होती. यात कोणाचे कारस्थान नव्हते. जागा सरकारी होती, वीज जवळ होती, रस्त्याला लागून होती, म्हणून तिथे बसवले. जागा ठरवणाऱ्यांत त्या मंडळातला एखादा म्हातारा शेतकरी असता तर त्याने पहिल्याच फेरीत सांगितले असते, साहेब, इथे नका.

आता यापुढचे पाऊल आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ‘विंड्स’ नावाची हवामान केंद्रांच्या जाळ्याची योजना पुढे आणली. तिच्यात तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक, असा हिशेब आहे. म्हणजे गावोगावी मापक रोवायची वेळ आली आहे. गावात तो ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसेल, शाळेच्या आवारात बसेल, की माळावर बसेल? नोंद गावाच्या फळ्यावर रोज लिहिली जाईल की फक्त कंपनीच्या आणि कार्यालयाच्या पडद्यावर दिसेल? दोन गावांची नोंद जुळली नाही, यंत्र बंद पडले, तर त्या दिवसाचा पाऊस शेजारच्या केंद्रावरून धरायचा की गावकऱ्यांच्या साध्या मापकावरून? २०२३ च्या खरिपात पावसाच्या २१ दिवसांच्या खंडावरून विम्याच्या आगाऊ भरपाईचा जो घोळ झाला तो आठवा. विसाव्या दिवशी केंद्रावर दोन-अडीच मिलिमीटर शिंतोडे पडले की खंड तुटला की नाही, यावर एका मंडळाचे पैसे अडकत होते. खरीप २०२५ पासून राज्याने ते दार बंद करून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. तो निर्णय घेतानाही, आणि त्याआधी २१ दिवसांचा नियम ठरवतानाही, कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी विचारले होते?

दुसरी गोष्ट नावांची. संगणकातला ‘शेतकरी’ म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो. आपल्या भागात मक्त्याने आणि बटईने शेती करणारे किती आहेत ते प्रत्येक गाव जाणते. करार तोंडी असतो, कारण मालकाला कुळाची भीती वाटते. बियाणे त्याचे, कर्ज त्याचे, घाम त्याचा. संगणकात मात्र तो नाही. नवरा गेल्यावर शेती ओढणाऱ्या कितीतरी बहिणी आहेत. त्यांचे नाव सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावाच्या खाली कुठेतरी आहे किंवा फेरफार अजून तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे त्याच्याकडे, पडून आहे. पूर्वी अशी बाई बाजार समितीच्या आवारात दहा क्विंटल कापूस घेऊन गेली तर अडत्याला तिचा सातबारा लागत नव्हता. आता हमीभाव हवा तर नोंद हवी, आणि नोंद नसेल तर खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. खेडा खरेदीवाला किती देत होता ते तुम्ही आम्हाला सांगा. ही दोघांमधली दरी ॲप लिहिणाऱ्या पोराने पाडली नाही. त्याला जे सांगितले ते त्याने लिहिले. ‘शेतकरी म्हणजे कोण’ ही व्याख्या ज्या टेबलावर ठरली, त्या टेबलाभोवती कोण बसले होते, हा प्रश्न आहे.

सल्लागार समिती म्हटले की आपल्याला हसू येते. चहा, बिस्किटे, प्रवासभत्ता आणि अहवाल कपाटात. हसण्यासारखा अनुभवही आहे. पण ज्यांना अशा समित्यांचे महत्त्व कळले त्यांनी त्या हसण्यावारी नेल्या नाहीत. यासाठी जरा लांब अमेरिकेत जावे लागेल. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याची देशभर बांधणी कशी करायची, हा प्रश्न सरकारी पातळीवर तिथे फार लवकर आला, म्हणून.

१५ सप्टेंबर १९९३ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १२८६४ काढून ‘राष्ट्रीय माहिती पायाभूत सुविधांसाठी सल्लागार परिषद’ नेमली. याच सुमारास सरकारी खात्यांचा एक वेगळा कार्यगट काम करत होता, वाणिज्यमंत्री रॉन ब्राऊन त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे बांधणारे एका बाजूला आणि सल्ला देणारे दुसऱ्या बाजूला, अशी रचना मुद्दाम केली. परिषदेवर सरकारबाहेरचे लोक घेतले. आरंभी ठरलेली संख्या वाढवून ती पुढे ३७ झाली. दोन सहअध्यक्ष होते. एक संगणक कंपनीचे प्रमुख एडवर्ड मॅक्‌क्रॅकन, दुसरे सार्वजनिक रेडिओचे प्रमुख डेलानो लुईस. टेलिफोन आणि संगणक कंपन्यांची माणसे भरपूर होती, ते लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्याबरोबर कामगार संघटना होती, शिक्षण आणि ग्रंथालयांची बाजू होती, लोकहितासाठी काम करणारे होते. १९९६ च्या आरंभी त्यांनी अहवाल दिला. शाळा, ग्रंथालये आणि वस्तीतली सार्वजनिक केंद्रे २००० सालापर्यंत जाळ्याला जोडा, यावर त्यांचा भर होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथला दूरसंचार कायदा झाला. त्यात शाळा आणि ग्रंथालयांना सवलतीत जोडणी द्यायची तरतूद आली. पुढे ही सवलत २० पासून ९० टक्क्यांपर्यंत ठरली, गरीब आणि ग्रामीण भागाला जास्त. कंपन्यांवर सोडले असते तर त्यांनी आधी न्यूयॉर्क जोडले असते आणि नेब्रास्काच्या शाळेला सांगितले असते, थांबा.

त्या देशाला हे नवे नव्हते. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दहा शेतांपैकी नऊ शेतांवर वीज नव्हती, कारण वीज कंपन्यांना दूरदूरच्या शेतांपर्यंत तारा ओढणे परवडत नव्हते. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज दिले आणि त्यांनी स्वतः तारा ओढल्या. १९४९ मध्ये त्याच कायद्यात टेलिफोनची भर पडली. हे सगळे आम्ही अमेरिकेची आरती ओवाळण्यासाठी सांगत नाही. आपल्या कापसाच्या बाबतीत अमेरिकेने काय केले ते आम्ही विसरलेलो नाही. आम्हाला त्यांच्या एका कायद्याचा हेवा वाटतो.

तो १९७२ चा आहे. सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांसाठीच तो केला. समितीवर वेगवेगळ्या मतांच्या लोकांचा समतोल हवा. बैठकीची सूचना आधी राजपत्रात छापायला हवी. थोडे अपवाद सोडले तर बैठक लोकांसाठी खुली. इतिवृत्त ठेवायचे आणि मागेल त्याला दाखवायचे. आणि समितीची सनद दोन वर्षांत आपोआप संपते, पुन्हा काढावी लागते. म्हणजे मेलेली समिती कागदावर जिवंत राहू शकत नाही. कायदा म्हणून सगळे सुरळीत चालते असे नाही. पळवाटा काढणारे तिथेही आहेत. पण पळवाट काढायला आधी वाट तरी लागते. आपल्याकडे अशा समित्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मंत्र्याच्या मनात आले की समिती, मनातून उतरली की नाही.

आपल्या देशात काय झाले ते पाहा. मे १९९८ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर विकासासाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले. जसवंतसिंह अध्यक्ष, चंद्राबाबू नायडू आणि शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन सहअध्यक्ष. काम झपाट्याने झाले. जुलैमध्येच १०८ शिफारशी बाहेर आल्या. सॉफ्टवेअरची निर्यात, यंत्रसामग्रीवरचे कर, इंटरनेटची मक्तेदारी मोडणे यावर भर होता आणि त्यातून शहरात मोठा उद्योग उभा राहिला, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. खेड्यासाठी काय केले? याच कार्यदलाच्या पुढाकाराने ‘तारांनी जोडलेली खेडी’ म्हणून एक नमुना प्रकल्प महाराष्ट्रात झाला, तो वारणानगरच्या भोवतालच्या सत्तर गावांत. कोल्हापूर-सांगलीचा ऊस आणि दुधाचा पट्टा. साखर कारखाना आहे, सहकारी बँक आहे, दूध संघ आहे, पाणी आहे. उसाचे वजन, तोडीची पाळी, बिलाचा हिशेब गावातल्या केंद्रात कळू लागला. वारणेच्या शेतकऱ्यांचे चांगले झाले, आम्हाला त्याचा मत्सर नाही. पण नमुना म्हणून जागा निवडताना वारणाच का सुचली असावी? जिथे आधीच सगळे जोडलेले आहे तिथे आणखी एक तार जोडणे सोपे असते. यवतमाळच्या किंवा बीडच्या एखाद्या कोरडवाहू तालुक्यात नमुना केला असता तर पहिला प्रश्न पावसाचा आला असता, दुसरा भावाचा, तिसरा सावकाराच्या वहीचा. आणि मग ती यंत्रणा वेगळीच उभी राहिली असती. पुढे २००६ च्या सुमारास वारणेतही काही गावांत संगणक काढून साध्या मोबाइलवरच्या संदेशांवर काम आणावे लागले, कारण शेतकऱ्याला लागणारी माहिती तेवढ्यात भागत होती.

मग आले २०२१. केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीच्या डिजिटल रचनेचा चर्चामसुदा जून महिन्यात लोकांपुढे ठेवला आणि हरकती-सूचना मागवल्या. जूनमध्ये! मृग निघाला की शेतकरी आभाळाकडे पाहतो, बियाण्याच्या दुकानासमोर रांगेत असतो, कर्जासाठी बँकेच्या पायरीवर असतो. तेव्हा त्याने संगणकाच्या रचनेवरचा इंग्रजी मसुदा वाचून मत कळवायचे. त्याआधी एप्रिलमध्येच एका परदेशी कंपनीबरोबर सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी करार झाला होता, आपले राज्य त्या सहांत नव्हते. आधी साखरपुडा, मग मुलीला विचारणे, असा हा प्रकार. देशातल्या अनेक शेतकरी आणि नागरी संघटनांनी तेव्हा एकत्र पत्र लिहून हरकत घेतली होती. पुढे २ सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मिशनला मान्यता दिली. शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे नकाशे, पेरलेल्या पिकांची नोंदवही, हे त्यातले महत्त्वाचे भाग. तीन वर्षांत ११ कोटी ओळख क्रमांकांचे लक्ष्य. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, त्यासाठी ५०० कोटी. आकडे मोठे आहेत. यातले किती पैसे खेड्यातल्या नरसाळ्याच्या साफसफाईला जातील, याचा आम्ही शोध घेत आहोत.

जुनी उदाहरणेही विसरू नयेत, कारण आकड्यांचा खेळ संगणकाच्या आधीपासून चालत आला आहे. देशात कापूस किती गाठी होणार याचा अंदाज कापूस सल्लागार मंडळ करीत असे. १७० किलोच्या एका गाठीचा हिशेब, पण दहा-वीस लाख गाठी इकडच्या तिकडे झाल्या की वायद्यापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत भाव हलतो. ते मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले आणि वस्त्रोद्योग आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कापूस उत्पादन आणि वापर समिती आली. गिरण्या, व्यापारी, जिनिंगवाले आपापले आकडे घेऊन जातात, कारण त्यांच्याकडे आकडे गोळा करणारी माणसे आहेत. पिकवणाऱ्याकडे मात्र बोंडअळीने किती खाल्ले याची स्वतःची मोजणी नाही. कृषी मूल्य आयोगाचेही तसेच. १९६५ पासून हा सल्ला देणारा आयोग आहे आणि त्याच्या रचनेत शेतकऱ्यांच्या दोन बिगरसरकारी प्रतिनिधींना जागा आहे. त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्याचे आपण पाहिले आहे. रिकाम्या खुर्चीवर कोणी हरकत घेतली नाही, कारण ती रिकामी आहे हे सांगायलाच कोणी तिथे नव्हते.

आपल्या कार्यकर्त्यांत यावर दोन मते आहेत, ती लपवून उपयोग नाही. एक मत म्हणते, सरकारी समितीत जायचेच कशाला? एकदा आत बसलात की तुमचा फोटो निघतो आणि ठरावाखाली तुमची सही लागते. ‘शेतकऱ्यांना विचारूनच केले’ म्हणायला ते मोकळे. हे मत साधे नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या शेजारी आपणही उंटावर बसलो तर शेळ्यांना काय फरक पडणार? शिवाय पदाची चटक लागलेले काय होतात तेही आपण पाहिले आहे. दुसरे मत म्हणते, न जाण्यानेही ठरायचे ते ठरतेच आणि मग आपण पाच वर्षे पंचनाम्यावर भांडत बसतो. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण पहिल्या मताच्या अटी घेऊन. समितीत एकटा शेतकरी बसवला तर तो शोभेचा. निदान एक तृतीयांश शेतकरी हवेत आणि त्यात कोरडवाहू भागाचे, बटईने करणारे आणि शेती करणाऱ्या बाया वेगळ्या मोजलेल्या हव्यात. नाहीतर बागायतदार पुढारी शेतकरी म्हणून बसतो आणि आकडा पूर्ण होतो. कागद मराठीत आणि बैठकीच्या पंधरा दिवस आधी मिळाले पाहिजेत. कोणताही मसुदा जून-जुलैत किंवा वेचणीच्या ऐन भरात हरकतींसाठी काढायचा नाही. मतभेद असेल तर तो इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेला पाहिजे. समितीने दिलेला सल्ला सरकारने मानला नाही तरी चालेल, लोकशाहीत सल्ला हा सल्लाच असतो. पण का मानला नाही ते ठरलेल्या मुदतीत लेखी सांगितले पाहिजे. या अटी मान्य नसतील तर आपला माणूस उठून बाहेर यावा आणि कारण फाटकावर सांगावे.

‘शेतकऱ्यांना संगणकातले काय कळते?’ हा प्रश्न अधिकारी तोंडावर विचारत नाहीत, पण असतो. संगणकातले कळणारे लोक पगारावर मिळतात, ते नेमायला समिती लागत नाही. समितीत जे कळायला हवे ते असे की, ओढ्याच्या काठची काळी आणि माथ्यावरची बरड एका गटात असली तरी एका पावसात सारखी वापसा धरत नाही. की ज्वारीत तूर घेतली तर फोटोत कोणते पीक दिसेल. की दादरची पेरणी ओलीवर अवलंबून असते, तारखेवर नाही. हे ज्याला कळते त्याच्यावाचून बांधलेली नोंदवही पहिल्याच वर्षी चुकते आणि चुकीचा भुर्दंड बांधणाऱ्यावर पडत नाही.

दिल्लीला कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. दोन साधने आज हाताशी आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ (१) (ख) मधल्या आठव्या बाबीप्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने, सल्ला देण्यासाठी नेमलेल्या मंडळांची, परिषदांची आणि समित्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, आणि त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का, इतिवृत्त लोकांना मिळते का, हेही सांगायचे आहे. हे कोणी अर्ज केल्यावर नव्हे, आपणहून. अमेरिकेच्या कायद्याची एक फांदी आपल्याकडे आधीच लावलेली आहे, तिला कोणी पाणी घातले नाही इतकेच. दुसरे साधन ‘आत्मा’ योजनेतले. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तालुका, जिल्हा आणि राज्य या तिन्ही पातळ्यांवर शेतकरी सल्लागार समित्या असायला हव्यात. तुमच्या तालुक्याच्या समितीवर कोण आहे? सभेत आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे पाहू लागले. एका ठिकाणी तर खुद्द समितीचा सदस्यच एकमेकांकडे पाहणाऱ्यांत होता. त्याला आपली नेमणूक झाल्याचे ठाऊक नव्हते!

या समित्यांचे नेहमीचे काम प्रात्यक्षिके, सहली आणि प्रशिक्षणाचे असते. पण शेतकऱ्यापर्यंत माहिती कशी पोहोचते आणि शेतकऱ्याकडून माहिती कशी घेतली जाते, हा विषय विस्ताराच्या कामाबाहेरचा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. ग्रामपंचायतीच्या पर्जन्यमापकाची जागा, पीक नोंदीतल्या चुका दुरुस्त करण्याची पद्धत, बटईदाराची नोंद, विधवा बहिणींचे प्रलंबित फेरफार, हे विषय लेखी देऊन जिल्हा समितीच्या विषयपत्रिकेवर आणता येतात. ते आले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर नाही दिले तर तेही इतिवृत्तात येते.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना तालुका प्रतिनिधींनी तीन कागद आणावेत. तालुका कृषी अधिकाऱ्याकडून शेतकरी सल्लागार समितीच्या सदस्यांची यादी आणि शेवटच्या बैठकीची तारीख. मंडळाच्या हवामान केंद्राजवळ जाऊन काढलेले टिपण, म्हणजे भोवती काय आहे, झाड किती उंच, किती पावलांवर, नरसाळे शेवटचे कधी साफ झाले. आणि गावातल्या ज्यांची नोंद मालकीच्या कारणाने होऊ शकली नाही अशांची संख्या, नावे नकोत, संख्या आणि कारण. ज्या गावात कोणी शाळामास्तर किंवा हौशी शेतकरी स्वतःच्या मापकाने पाऊस लिहून ठेवत असेल त्याची वही पाहून घ्यावी, मंडळाच्या नोंदीशी दिवसवार ताडावी आणि फरक निघेल त्या तारखा वेगळ्या लिहाव्यात. यादी नाही, समिती झालेली नाही, असे उत्तर मिळाले तर ते तोंडी घेऊ नये. सही-शिक्क्यानिशी लेखी मागून घ्यावे. हे कागद एकत्र करून जिल्हाधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्यापुढे ठेवायचे आहेत, आणि ग्रामपंचायतींचे मापक रोवायला सुरुवात होण्याआधी ठेवायचे आहेत.